आजचं अंडं आज उकडू नका

सकाळी खुराड्यातून काढलेलं, हाताला अजून कोमट लागणारं अंडं दुपारच्या रश्शासाठी उकडायला टाकलं, की सोलताना काय होणार ते ठरलेलंच असतं. नखाएवढा कवचाचा तुकडा निघतो आणि त्याला धरून पांढऱ्याचा लचका येतो. पाच मिनिटं खटपट करून हाती उरतं ते खड्डे पडलेलं, मध्येच बलक डोकावणारं अंडं. दुकानातली अंडी मात्र त्याच पातेल्यात, त्याच आचेवर उकडली तर गुळगुळीत निघतात. मग कुणी म्हणतं गावरान अंड्याचं कवचच चिवट, कुणी म्हणतं पाण्यात मीठ घालायचं राहिलं. कवच चिवट नसतं आणि मिठाचा यात फारसा संबंध नाही. अंडं फार ताजं आहे, एवढंच कारण. दुकानातलं अंडं पोल्ट्रीतून निघून, ट्रेमधून फिरत तुमच्या घरी येईपर्यंत त्याचे काही दिवस सहज गेलेले असतात. परसातल्या अंड्याला ते दिवस आपण मुद्दाम द्यावे लागतात.

ताजं अंडं सालीला का धरून बसतं

कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस. अंडं बाहेर पडतं तेव्हा तेही तेवढंच गरम असतं आणि कवचात गच्च भरलेलं असतं. कवचाच्या आतून दोन पापुद्रे असतात. एक कवचाला चिकटलेला, दुसरा पांढऱ्याला लपेटलेला. अंडं गार होताना आतला भाग आकसतो, जाड टोकाकडे हे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. पहिल्या दिवशी ती अगदी लहान असते. पुढे अंड्यातली वाफ हळूहळू बाहेर जाते तशी ती मोठी होत जाते. सोलायला सुरुवात करण्यासाठी ही पोकळीच आपली जागा, त्यामुळे ती जितकी मोठी तितकं बरं.

पण खरी गोम पांढऱ्यात आहे. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे त्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.६ च्या आसपास असतो. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात, साधारण सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत. त्यांतून हा वायू निघून जातो आणि पांढऱ्याचा सामू चढत चढत ९ च्या पुढे जातो. सामू कमी असताना अंडं शिजवलं तर पांढरं आतल्या पापुद्र्याला इतकं घट्ट धरतं, की ओढल्यावर पापुद्रा सुटण्याऐवजी पांढरंच फाटतं. सामू ८.७ च्या वर गेला की ही पकड सैल होते. अंडं सोलायला सोपं होण्यामागे एवढंच रसायन आहे.

हे डोळ्यांनी पाहता येतं. आजचं एक आणि पाच दिवसांपूर्वीचं एक अशी दोन अंडी दोन ताटल्यांत फोडा. आजच्याचं पांढरं किंचित दुधट, धुरकट दिसेल. तो धुरकटपणा म्हणजे आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. बलक फुगीर असेल आणि त्याच्याभोवती पांढऱ्याचा जाडसर, उंच कडा असेल. पाच दिवसांच्या अंड्यात पांढरं नितळ झालेलं, जरा जास्त पसरलेलं आणि बलकाच्या कडेला पातळ दिसेल. दुधट पांढरं बरेच जण अंडं खराब समजून टाकून देतात. ते ताजेपणाचंच लक्षण आहे.

किती दिवस थांबायचं

घरात २५ ते ३० अंश तापमान असेल तर तीन ते पाच दिवस. फ्रिजमध्ये ठेवलं तर सात ते दहा दिवस, कारण गारठ्यात वायू बाहेर पडायचा वेग मंदावतो. अंडी आल्याबरोबर फ्रिजच्या दारात मांडायची सवय असेल तर चौथ्या दिवशीही ती सोलताना त्रास देतात, त्याचं कारण हेच. मला विचाराल तर थंडीच्या दिवसांत अंडी दोन-तीन दिवस बाहेर टोपलीत ठेवून मग फ्रिजमध्ये टाकणं सगळ्यात चांगलं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, घरात पारा ३५ च्या वर असताना, बाहेर ठेवू नका. त्यातही कळपात कोंबडा असेल आणि अंडं फळलेलं असेल, तर एवढ्या उष्णतेत आत गर्भ वाढायला लागतो. अशा दिवसांत अंडी रोज दोन वेळा गोळा करून थेट फ्रिजमध्ये ठेवावीत आणि उकडण्यासाठी आठवडाभर थांबावं.

यासाठी अंड्याचं वय माहीत पाहिजे, आणि ते लक्षात ठेवण्यावर विसंबू नका. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, तीही सलग नाही. दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, बसते. पाच-सहा कोंबड्या असल्या तरी रोज दोन अंडी, कधी तीन, कधी एकही नाही. चार दिवसांत टोपलीत सगळी सरमिसळ होते. अंडं उचललं की शिसपेन्सिलीने जाड टोकावर तारीख लिहायची. शाईचा पेन वापरू नका, कवच सच्छिद्र आहे. पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एका बाजूने भरत जायचं, दुसऱ्या बाजूने काढत जायचं. आम्लेट आणि भुर्जीला नवीन तारखेची, उकडायला जुन्या तारखेची.

तारीख लिहायची राहिलीच असेल तर पाण्याची परीक्षा आहे. खोलगट भांड्यात गार पाणी घ्या आणि अंडं अलगद सोडा. तळाशी आडवं पडलं तर एक-दोन दिवसांचं. तळाशीच राहून जाड टोक वर उचललं गेलं तर आठवडाभराचं किंवा त्याच्या जवळपासचं. उकडायला हेच घ्या. तळाला टेकून सरळ उभं राहिलं तर बरंच जुनं. ते आधी वाटीत फोडून, वास घेऊन मगच वापरावं. वर तरंगलं तर टाकून द्या.

कोंबड्या कधी कधी चोरून अंडी घालतात. गवताच्या गंजीत, लाकडांच्या ढिगामागे, केळीच्या बुंध्याशी एकदम आठ-दहा अंड्यांचा ठेवा सापडतो. ही अंडी कधीच सरळ उकडायला टाकू नका. आधी पाण्याच्या परीक्षेतून काढा, पुसा, आणि अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च जाड टोकाला टेकवून आत बघा. ताज्या अंड्यात आतला उजेड एकसारखा पिवळसर दिसतो. मधोमध गडद ठिपका आणि त्याच्यातून निघालेल्या कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ चार-पाच दिवस वाढलेला आहे. नुसता रक्ताचा बारीक ठिपका असेल तर घाबरायचं कारण नाही. अंडं तयार होताना कोंबडीच्या आत एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्यामुळे तो येतो, आणि तसं अंडं खायला चालतं.

धुवायचं की नाही

अंडं बाहेर येतं तेव्हा त्याच्यावर ओलसर थर असतो, तो लगेच वाळतो. हा थर छिद्रं बऱ्यापैकी बुजवतो आणि जंतूंना आत येऊ देत नाही. म्हणून साठवायची अंडी धुवू नयेत. शिट किंवा माती लागली असेल तर वाळल्यावर कोरड्या फडक्याने किंवा काथ्याने हलकं घासावं. उकडायच्या आधी मात्र धुवा, आणि गार पाण्याने नाही, अंड्यापेक्षा कोमट पाण्याने. गार पाण्यात आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

धुतलेल्या अंड्यातून वायू लवकर निघतो, म्हणून ते लवकर सोलण्याजोगं होतं, हेही खरं आहे. पण तेवढ्यासाठी अंडं धुऊन बाहेर ठेवणं धोक्याचं. धुतलं की फ्रिजमध्येच गेलं पाहिजे. उलट बाजूने पाहिलं तर अंड्यांना तेल चोळून किंवा चुन्याच्या निवळीत बुडवून टिकवायची जी जुनी रीत आहे, तिच्यात छिद्रं बुजतात. वायू आतच राहतो. अशी अंडी खायला चांगली राहतात, पण दोन आठवड्यांनंतरही सोलायला ताज्यासारखीच अवघड जाऊ शकतात.

इडलीपात्र काढा

अंडी गार पाण्यात टाकून पाणी उकळी आणायची, ही बहुतेक घरांतली पद्धत. परसातल्या अंड्यांसाठी ती सगळ्यात वाईट. पाणी सावकाश तापतं, पांढरंही सावकाश शिजतं आणि शिजता शिजता पापुद्र्याशी घट्ट जुळतं. एकदम कडक उष्णता मिळाली तर पांढऱ्याचा बाहेरचा थर झटक्यात गोठतो, आतल्या बाजूला आकसतो आणि पापुद्र्यापासून सुटतो. तेव्हा अंडं उकळत्या पाण्यात किंवा वाफेत गेलं पाहिजे. दोन्हींत मी वाफेच्या बाजूचा आहे, आणि त्यासाठी इडलीपात्राइतकं सोयीचं भांडं दुसरं नाही. प्रत्येक खळग्यात एक अंडं बसतं, गडगडत नाही, एकमेकांवर आपटत नाही. थरांमधलं अंतर कमी असेल तर एकाआड एक थर वापरा. मोदकपात्राच्या चाळणीवरही छान होतात.

पात्रात दीड-दोन पेले पाणी घालून झाकण लावा आणि झाकणाच्या कडेने वाफ जोरात येईपर्यंत थांबा. ही वाट पाहणं महत्त्वाचं आहे. वाफ धरायच्या आधी अंडी आत ठेवली तर पुन्हा गार पाण्यापासून सुरुवात केल्यासारखंच होतं. वाफ आली की अंडी ठेवा, झाकण घट्ट लावा, आच मध्यम-मोठी ठेवा आणि घड्याळ लावा.

वेळ वजनावर आहे. गावरान अंडं ३५ ते ४५ ग्रॅमचं असतं, दुकानातलं पांढरं ५५ ते ६० ग्रॅमचं. पाककृतींत लिहिलेली बारा मिनिटं या मोठ्या अंड्यासाठी असतात. ४० ग्रॅमचं गावरान अंडं तितका वेळ शिजवलं तर पांढरं रबरासारखं आणि बलक भुगाभुगा होतो. खोलीच्या तापमानाचं ४० ग्रॅमचं अंडं वाफेत ९ ते १० मिनिटांत पूर्ण शिजतं, ५५-६० ग्रॅमचं १२ मिनिटांत. फ्रिजमधून थेट काढलं असेल तर एक मिनिट वाढवा. बदकाचं ६५-७० ग्रॅमचं अंडं १४ मिनिटं घेतं. कडकनाथाचं अंडं गावरान अंड्यासारखंच धरा. आणि ते आतून काळं असतं हा समज चुकीचा आहे. कवच फिकट बदामी, पांढरं पांढरंच, बलक पिवळाच.

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर एकदा आपल्या प्रत्येक कोंबडीचं अंडं तोलून ठेवा. तलंग पहिल्यांदा अंडी घालू लागते तेव्हाची अंडी फारच लहान असतात, वयस्कर कोंबडीची मोठी. एकाच वेळी सगळी शिजवायची असतील तर मोठी आधी ठेवा, लहान दोन मिनिटांनी.

इडलीपात्र नसेल तर पातेल्यात अंडी बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी खळखळून उकळा, आच जरा कमी करा आणि झाऱ्याने अंडी एकेक अलगद सोडा. पुन्हा उकळी आली की मंद उकळत ठेवा. गावरान अंड्याला ९ मिनिटं. या पद्धतीत फ्रिजमधली अंडी वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवावीत, नाहीतर उकळत्या पाण्याचा चटका बसून तडकतात. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. दर तीनशे मीटर उंचीला पाणी जवळपास एक अंश कमी तापमानाला उकळतं. पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे अर्धं मिनिट वाढवलं तरी पुरे. महाबळेश्वर-पाचगणीला, तेराशे मीटरच्या आसपास, पाणी ९६ च्या जवळपासच अडकतं, तिथे दीड-दोन मिनिटं जास्त द्या. वाफेलाही हाच नियम.

प्रेशर कुकरमध्ये अंडी सोलायला फार छान निघतात, कारण उष्णता १०० च्या वर जाते. अडचण अशी, की झाकण उघडून बघता येत नाही आणि प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळी होते. पाच लिटरच्या कुकरची एक शिट्टी आणि दोन लिटरच्याची एक शिट्टी यांत अंडं शिजण्याचा कितीतरी फरक पडतो. करायचंच असेल तर तळाला जाळी, पेलाभर पाणी, एक शिट्टी होताच गॅस बंद, चार मिनिटांनी शिट्टी उचलून वाफ सोडायची. आधी एका अंड्यावर हे करून, कापून बघा, आणि आपल्या कुकरचा वेळ स्वतः ठरवा.

वेळ झाली की अंडी लगेच बर्फाच्या पाण्यात. बर्फ नसेल तर माठातलं पाणी घ्या आणि ते दर दोन मिनिटांनी बदला, कारण सहा गरम अंडी एका वाडग्यातलं पाणी बघता बघता कोमट करतात. दहा मिनिटं तरी पाण्यात राहू द्या. यात दोन कामं होतात. आतलं शिजणं थांबतं, आणि पांढरं आकसून घट्ट होतं. गरम अंड्याचं पांढरं नरम असतं, ते चांगलं मुरलेलं, म्हणजे पुरेसे दिवस ठेवलेलं, अंडं असलं तरी बोटाखाली फाटतं.

सोलताना

अंड्याचं जाड टोक ओट्यावर हलकं आपटा. सपाट जागेवर, भांड्याच्या काठावर नाही. काठाने कवच आत घुसतं आणि पांढऱ्याला चीर पाडतं. टोकाला तडा गेला की आवाज बदलतो, टणक ‘टक्’ऐवजी पोकळ, बसका येतो. तिथेच हवेची पोकळी आहे. आता अंडं आडवं धरून, तळव्याखाली अगदी कमी दाब देऊन एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. सगळीकडे बारीक जाळी उमटली पाहिजे, तुकडे सुटे पडता कामा नयेत. असं तडकवलेलं अंडं पुन्हा दोन-तीन मिनिटं पाण्यात ठेवा. पाणी तड्यांतून पापुद्र्याखाली शिरतं आणि पुढचं निम्मं काम करतं.

मग पाण्यातच, जाड टोकापासून सुरुवात करा. पोकळीवरचा कवचाचा तुकडा काढला की खाली पांढरट, कागदासारखा पापुद्रा दिसेल. सगळं कसब इथे आहे. तो पापुद्रा अंगठ्याच्या पेराने, नखाने नव्हे, चिमटीत धरून फाडा आणि त्याच्या खाली शिरा. अंगठा पापुद्रा आणि पांढरं यांच्यामध्ये गेला पाहिजे. कवच आणि पापुद्रा यांच्यामध्ये गेला तर कवचाचे कण कण निघत राहतील आणि पापुद्रा अंड्यावरच राहील. नीट शिरलात तर कवच पापुद्र्याला चिकटलेल्या अवस्थेतच पट्टीसारखं सुटतं. अंडं फिरवत फिरवत, निमुळत्या टोकाकडे जात, ती पट्टी गोल काढायची. चांगल्या मुरलेल्या अंड्याची साल दोन किंवा तीन तुकड्यांत येते, आणि खालचं पांढरं ओल्या संगमरवरासारखं चमकतं.

अडलेल्या अंड्याला चहाचा छोटा चमचा लावा. चमच्याची फुगीर बाजू कवचाकडे ठेवून तो पापुद्र्याखाली सरकवा आणि अंड्याच्या वळणाने फिरवा. तेवढ्यानेही न सुटणारी अंडी दहा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून पुन्हा गार पाण्यात टाका. कवच पटकन तापून किंचित फुगतं, आतलं गार पांढरं तसंच राहतं, आणि मध्ये जरा फट पडते. फार ताज्या अंड्यांत याचा उपयोग बेताचाच, पण चार दिवसांच्या हट्टी अंड्यात होतो.

मीठ, व्हिनेगर, सोडा, टाचणी

मीठ सालीसाठी काही करत नाही. एखादं अंडं तडकलं तर मिठामुळे बाहेर येणारं पांढरं तिथल्या तिथे गोठतं आणि चीर बुजते, तेवढ्यासाठी एक चमचा घालायला हरकत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू याचंही तेच. कवच थोडं विरघळतं, पण पांढऱ्याची पकड सैल करायला आम्लता नको, तिच्या उलट, म्हणजे चढलेला सामू हवा. खायचा सोडा याच विचाराने घालतात, लिटरला अर्धा चमचा. विचार बरोबर आहे, पण नऊ मिनिटांत छिद्रांतून आत जाऊन सामू बदलेल इतकं काही घडत नाही. फरक पडला तर थोडासा पडतो, आणि अंड्याला गंधकाचा वास जास्त येतो. तेल घालण्याने काहीच होत नाही.

टाचणीने जाड टोकाला भोक पाडणं मात्र अगदीच निरुपयोगी नाही. आतली हवा बाहेर जायला वाट मिळते, तडकण्याचं प्रमाण थोडं कमी होऊ शकतं आणि तळाचा खड्डा लहान होऊन अंडं जास्त गोल दिसतं. सोलण्यात विशेष फरक नाही. भोक पाडलेलं अंडं लगेच शिजवलं पाहिजे.

अंडी वारंवार तडकत असतील तर उकडण्यात नाही, खुराड्यात कारण शोधा. पातळ कवचाचं मुख्य कारण कॅल्शियमची कमतरता. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. नुसत्या कणी-ज्वारीवर आणि परसातल्या किड्यांवर ते भागत नाही. शिंपल्यांची भुकटी वेगळ्या भांड्यात ठेवावी, ज्या कोंबडीला लागते ती स्वतः टिपते. उन्हाळ्यात शिंपले असूनही कवच पातळ येतं, कारण कोंबडी चोच उघडून धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनवायला लागणारा कार्बोनेट पुरेसा मिळत नाही. सावली, गार पाणी आणि ओलं पोतं हे तिथे औषध. उकडायच्या आधी दोन अंडी एकमेकांवर हळूच वाजवून बघा. शाबूत असतील तर खणखणीत वाजतं, केसाएवढी चीर असेल तर बद्द येतं.

आता मुरवलेल्या अंड्याची एक उणी बाजू सांगायलाच हवी. बलकाभोवती जी हिरवट-करडी कड येते, ती बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधक एकत्र आल्याने. जास्त शिजवलं किंवा सावकाश गार केलं की ती येते. आणि सामू चढलेल्या अंड्यात ती आणखी लवकर येते. म्हणजे जे अंडं सोलायला सोपं, तेच वेळेबाबत जास्त नाजूक. खायला त्रास काही नाही, पण दिसायला वाईट आणि चवीला कोरडं. जुन्या अंड्यांना वेळ मोजून द्या आणि बर्फ आधी तयार ठेवा. दुसरं, दिवस जातात तसं पांढरं पातळ होतं आणि बलक मध्यभागी राहत नाही. अंडा मसाल्यासाठी अर्धी कापून मांडायची असतील तर आदल्या रात्री अंडी ट्रेमध्ये आडवी ठेवा, म्हणजे बलक बराचसा मधोमध येतो.

उकडलेली अंडी सालीसकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. सोललेली झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावीत. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

थांबायला वेळच नसेल तर

पाहुणे दारात आहेत आणि घरात फक्त आजची अंडी आहेत, तर ती उकडूच नका. फोडून थेट रश्शात सोडा. कोकणात आणि देशावर अंड्याचं कालवण असंच करतात, आणि ताज्या अंड्याची खरी जागा तिथे आहे. बलकाला धरून राहणारं जे जाड पांढरं सोलताना नडतं, तेच इथे उपयोगी पडतं. जुन्या अंड्याचं पांढरं रश्शात पडताच धाग्याधाग्यांनी पसरतं आणि रस्सा गढूळ करतं. आजचं अंडं गोळा धरून राहतं.

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा नेहमीपेक्षा जरा दाट ठेवा. मीठ, तिखट, आमसूल सगळं आधीच घालून चव बघून घ्या, कारण अंडी सोडल्यावर ढवळता येत नाही. आच इतकी कमी करा की कडेलाच बारीक बुडबुडे येतील. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, वाटी रश्शाला जवळजवळ टेकवायची आणि अंडं कडेने घसरवायचं. दोन अंड्यांमध्ये तीन बोटांचं अंतर. झाकण ठेवून चार मिनिटं हात लावायचा नाही. मग चमच्याने वरून रस्सा अंड्यांवर सोडायचा, पुन्हा झाकण, आणखी तीन मिनिटं. बलक बोटाने दाबल्यावर घट्ट लागला की गॅस बंद करा, आणि वाढताना पळी अंड्याच्या खालून घाला.